उंडा आणि वाऱ्याचं यंत्र

बाबा, तुमच्या त्या श्वासाच्या यंत्रावर मी लेख लिहायला घेतला आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. पेपरातलं आरोग्याचं पान आता माझ्याकडे असतं, आणि उद्या दुपारपर्यंत मजकूर द्यायचा आहे. घशात नळी न घालता नुसता मास्क बांधून श्वासाला आधार दिला, तर हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरावर काय परिणाम होतो, असा विषय. इतक्या वर्षांत मी कधी वेळ चुकवली नाही. हा लेख मात्र दुसऱ्या परिच्छेदापाशी अडला आहे.

माहितीसाठी काल एका डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. ही लवचीकता हरवणं बरं नव्हे. मास्कमुळे श्वासाचे कष्ट हलके झाले की काहींमध्ये ती सुधारते. दाब जास्त झाला तर काहींमध्ये उलटंही होतं. "सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही, तसंच लिहा," असं त्यांनी बजावलं. मी लिहून घेत होतो आणि मला तुमचा ट्रक ऐकू येत होता.

मी सहावीत असेन. साखळी गावाहून खाणीकडे जाताना तुम्ही मला केबिनमध्ये शेजारी बसवलं आहे. काचेवर लाल धूळ. मी शहाणपणाने म्हणतो, "इंजिन कसं एका सुरात चाललंय!" तुम्ही गिअर टाकता आणि माझ्याकडे न बघता म्हणता, "चढाव इलो की इंजिनान कण्हाक व्हया, उतार इलो की गप ऱ्हवाक व्हया. आवाज बदललो नाय तर समज, डायवर झोपलो."

तीच धूळ पुढे तुमच्या छातीत बसली, असं तुम्ही म्हणायचात. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलातून घरी आलात ते मास्क आणि यंत्र घेऊन. पहिल्याच दिवशी आरशात बघून म्हणालात, "ह्यां काय रे, बापाशीच्या नाकाक रेडिएटर लायलंस?" आई कितीतरी दिवसांनी हसली. सकाळी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला की तुमचा हात मास्कच्या पट्ट्याकडे जायचा. "पोदेर इलो. एक उंडो चायत बुडवन दी. दोनच घास." एकदा दिला. मास्क निघाल्यावर बोटाच्या चिमट्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरला आणि मी मास्क घाईने परत बांधला. त्यानंतर उंडा, तुमचा तो गोल पाव, बंद. मी तुम्हाला चमच्याने पेज भरवली, मास्क अर्धवट उचलून, घाईघाईने. तुम्ही काही बोलायला लागलात की मी म्हणायचो, "नंतर, बाबा." नाडीचा आकडा वहीत टिपायचो. ब्याण्णव, ब्याण्णव, पुन्हा ब्याण्णव. अक्षर छान यायचं. आकडा हलत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं मी आईला सांगायचो. ती वही काल बाईंना दाखवली. त्यांनी दोन पानं उलटली आणि सौम्यपणे म्हणाल्या, चिमट्यावर नाडीची सरासरी दिसते, दोन ठोक्यांमधलं अंतर त्यातून कळत नाही. म्हणजे मास्कने तुमच्या हृदयाचं भलं केलं की नाही, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी महिनाभर तुमच्याऐवजी त्या आकड्याकडे बघत बसलो होतो, एवढंच त्या वहीत आहे.

शेवटच्या सकाळी भोंगा वाजला तेव्हा तुमचा हात उठला नाही. फक्त डोळे दाराकडे गेले.

एकदा तुम्ही रागावून विचारलं होतंत, "डाक्टरान खरांच सांगलान, काढूक नको म्हणान?" मी हो म्हटलं. तुम्ही मास्कच्या पट्ट्यावरचा हात खाली घेतलात. डॉक्टरचा शब्द तुम्ही कधी मोडला नाहीत. खरं तर घरी सोडताना डॉक्टरांनी मला दारापाशी थांबवून सांगितलं होतं, जेवताना, बोलताना थोडा वेळ मास्क काढलात तर चालेल, त्यांनाही बरं वाटेल. लेखात हे बसणार नाही आणि हा कागद कुठे पोचणार नाही, म्हणून इथे लिहितो. नको म्हणणारे डॉक्टर नव्हते, बाबा. मी होतो.