ऐकू आलं की बटण दाबायचं

५ जानेवारी, सोमवार

आले बाई एकदाची! दोन सूटकेस, एक गादी आणि ह्यांची जुनी म्युझिक सिस्टीम, एवढा संसार घेऊन अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नवं गाव. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. जुन्या घरात प्रत्येक खुर्ची मला विचारायची, ते कुठायत म्हणून. शेवटी म्हटलं, खुर्च्याच विकून टाकू.

घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली फाटक दिसतं आणि पुढचा सरळ रस्ता. ओटा अगदी माझ्या उंचीचा आहे. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं. कानाचा दवाखाना चालत सात मिनिटं. काम तेच, बावीस वर्षांचं. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन घालायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू येतं किती त्याचा ग्राफ काढायचा. दिवसातून चाळीस वेळा एकच वाक्य, ऐकू आलं की बटण दाबायचं. ठकी लहान असताना मी हाक मारली की ओ द्यायची नाही, तोंडानं "टिक" करायची. बटण दाबलं म्हणे! अजून करते, वाह्यात कार्टी.

ठकी म्हणजे माझी लेक, एकुलती एक. कॉलेजच्या हॉस्टेलवर असते. टाइप करायचा तिला भारी कंटाळा, म्हणून सगळं बोलूनच पाठवते. आज सात निरोप आले. गादी कुठल्या भिंतीला लावावी यावरच तीन.

९ जानेवारी, शुक्रवार

दवाखान्यातल्या काउंटरवर एक ताई बसतात. इतकी शांत बाई मी पाहिली नाही. आज एक पेशंट त्यांच्या अंगावर ओरडला, टेबलावर हात आपटला. ताईंनी पावती फाडून त्याच्या हातात दिली आणि पुढचा नंबर पुकारला. मला नाही बाई जमणार. मी अजून बासरी ऐकली की रडते.

हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये या. अकरा जण आहेत, सगळे ऑनलाइन. दर आठवड्याला एकानं आपल्या जिव्हाळ्याचा एक अल्बम द्यायचा. ग्रुप चालवणारे कुणी निवृत्त चित्रकलेचे मास्तर आहेत. म्हटलं, येते. रविवार दुपारी नाहीतरी मी काय करते, पंखा पुसते.

११ जानेवारी, रविवार

मजा आली! पद्धत छान आहे. अल्बम देणाऱ्यानं तो कुणामुळे आपला झाला हे मास्तरांना कळवायचं आणि गाणी पाठवायची. रविवारी चारच्या ठोक्याला सगळ्यांनी आपापल्या घरी एकदम सुरू करायचं. मध्ये थांबवायचं नाही. संपल्यावर प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्या. देणाऱ्यानं मात्र काहीही लिहायचं नाही.

आज एका बेकरीवाल्या बाईंनी आपल्या भावाचा आवडता अल्बम दिला होता. तबला असा की अंगात वारं शिरावं. मी तीनच्या जागी सात ओळी खरडल्या. मास्तरांनी टोकलं, पण प्रेमानं. ठकीलाही लगेच लिंक पाठवली. तूही ये गं, आपण दोघी एका वेळी ऐकू. ती म्हणाली की परीक्षा संपली की येईन.

२५ जानेवारी, रविवार

आज माझी पाळी होती. ह्यांचा बासरीचा अल्बम दिला. रोज संध्याकाळी हे तो लावायचे. मास्तरांना एवढंच कळवलं, की नवऱ्यामुळे माझा झाला.

चार वाजता सुरू केला. काही नाही. सिस्टीमवरचे दिवे नाचत होते, आवाज नाही. बेचाळीस मिनिटं मी वेड्यासारखी वायरी काढून घालून बघितल्या. चेष्टाच झाली म्हणायची.

बाकीच्यांना नीट ऐकू आलं. भरभरून लिहिलंय. बेकरीवाल्या बाईंनी लिहिलं की सतराव्या मिनिटाला कुणीतरी कप खाली ठेवतं, खाकरतं आणि "चला" म्हणतं, ते फार आवडलं.

हे तसंच करायचे. रोज. पण ते अल्बमवर कुठून येणार? मी कळवताना लिहिलं असेल म्हणून माझा मेसेज उघडून पाहिला. लिहिलेलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत तोच अल्बम फोनवर लावला. मला शांतता. शेजारचा कंपाउंडर मात्र ताल धरून बोटं वाजवत होता. तशीच उठले, स्वतःला काचेच्या खोलीत बसवलं आणि स्वतःचा ग्राफ काढला. अगदी नॉर्मल. वीस वर्षांच्या पोरीचे कान आहेत माझे! बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलेय की ग्राफ खोटं बोलत नाही. तेव्हा विषय संपला. फाइल बिघडली असणार.

आणखी एक. दोन वर्षांत पहिल्यांदाच घरी येऊन रडले नाही. ह्यांचं खाकरणं आठवायला गेले तर आठवेना. वाईट वाटेल म्हणून थांबले, पण वाटलं नाही. खरं सांगू का, हलकं वाटलं. छान जेवले.

८ फेब्रुवारी, रविवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. या आठवड्यात ज्यांची पाळी होती ते आजारी पडले, तर मीच पुढं झाले. मी देते म्हटलं! ठकी चौथीत असताना शाळेनं मुलांच्या गाण्यांची डिस्क काढली होती, बारा गाणी. नवव्या गाण्यात माझी बाई सगळ्यांच्या आधी अर्धा ताल सुरू होते. घाई जन्माचीच. म्हटलं, ऐकवूया लोकांना. मास्तरांना कळवलं, लेकीमुळे माझा झाला.

चार वाजता पुन्हा शांतता. मास्तर म्हणाले की देणाऱ्याचं कधीकधी असं होतं, काळजी करू नका.

मग लोकांच्या ओळी आल्या. नवव्या गाण्यातली घाई सगळ्यांनी पकडली, हसले. पण बेकरीवाल्या बाईंनी लिहिलंय की शेवटच्या गाण्यानंतर आई कुठूनतरी हाक मारते आणि ती मुलगी "टिक" म्हणते. किती गोड.

टिक कुणालाच माहीत नाही. मला, हिला आणि ह्यांना सोडून.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ठकीचा फोन आला. मागे कुणीतरी बादली सरकवली ते ऐकू आलं. दार आपटलं ते ऐकू आलं. दोन मुली हसल्या. ठकी नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले. फोन कट झाला, मग तिचे निरोप आले, नऊ. त्या निरोपातल्या रेघा वर खाली हलतात. मागचा पंखा ऐकू येतो, ती श्वास घेते तोही नाही.

दवाखाना उघडायच्या आधी जाऊन बसले होते. ग्राफ काढला. नॉर्मल. पुन्हा काढला. नॉर्मल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काउंटरवाल्या ताईंना कोपऱ्यात घेऊन विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, पहिल्यांदा सगळे घाबरतात. आपण दिलेलं ऐकणारे घेऊन जातात, मग बरं वाटतं. त्यांनी आईचा अल्बम पहिल्याच महिन्यात दिला होता. गेल्या वर्षी आई गेली. सकाळी सगळं उरकून दुपारी जेवून त्या कामावर आल्या होत्या, पावत्या फाडायला. हे सांगताना त्या पेनाचं टोपण शोधत होत्या.

मी म्हटलं, माझा नवरा गेलाय, ठीक आहे. पण लेक जिवंत आहे हो! त्यांनी मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांना हात जोडून लिहिलं. उत्तर लगेच आलं, अतिशय सभ्य. दिलेलं परत येत नाही. अकरा जणांनी मनापासून ऐकलंय, त्याचा मान ठेवा. खाली फुलाचं चित्र.

ग्रुप सोडला. एक बटण दाबलं, झालं. आधी का नाही सोडला, या माझ्या मूर्खपणाला काय म्हणावं.

पण तिचा आवाज आला नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठकीला लिहिलं, टाइप कर, बोलून पाठवू नकोस. तिनं बोलूनच पाठवलं. बारा निरोप. शेवटी एकदाचं टाइप केलं. फोन उचलून नुसतं हॅलो हॅलो का करतेस, मी काही केलं का आई.

मग मी सगळंच लिहून पाठवलं. बासरी, कप, टिक, सगळं. तिनं विचारलं की ग्राफ काढला का. काढला, नॉर्मल आहे. मग झालं तर, म्हणाली. माझीच लेक.

आणि खाली. जानेवारीतल्या माझ्या लिंकवरून ती दोन दिवसांपूर्वीच ग्रुपमध्ये आलीय. मला सरप्राइज म्हणून सांगितलं नव्हतं. या रविवारी तिची पाळी. तिला झोपवताना मी म्हणायचे ती गाणी ह्यांनी कॅसेटवर भरून ठेवली होती. पूर्ण एक बाजू. ती देणार आहे. आईमुळे माझा झाला, असं कळवलंय.

लिहिलं, देऊ नकोस. पुन्हा लिहिलं. तिनं उत्तर दिलं की मास्तरांना पाठवून झालंय, आणि मी रविवारी तुझ्याकडेच येतेय. दोघी बसून ऐकू. तुला बरं वाटेल.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

तिचा फोटो समोर ठेवून बसले. शाळेतला, दात पडलेला. रडू येईल म्हणून वाट पाहिली. फोटोची चौकट एका कोपऱ्यात उचकटलीय, तेवढं दिसलं.

हे वाईट आहे हे मला कळतं. कळतं तेवढंच.

आठवून लिहून ठेवावं म्हटलं, तिचा आवाज कसा होता. थोडा बसका. "आई" म्हणताना शेवटी —

नाही आठवत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सोळा पेशंट. सगळ्यांना तेच वाक्य. एका म्हाताऱ्या आजोबांना काहीच ऐकू आलं नाही, तरी बटण दाबत राहिले. नातीला बरं वाटावं म्हणून. मी ग्राफवर तसंच लिहून दिलं.

उद्या रविवार.

२२ फेब्रुवारी, रविवार

दोन वाजता आली. दारात मिठी मारली. केसांना तिचाच वास. तोंड हलत होतं, खूप बोलत होती.

कागदावर लिहिलं, देऊ नकोस. तिनं वाचलं. खाली लिहिलं, आई तू दमलीयेस, उद्या तुमच्या डॉक्टरांना भेटू. डोळे पुसले. तिनं, स्वतःचे.

साडेतीन. ओट्याशी उभी राहून लिहितेय. हेडफोन तिच्या मांडीवर आहेत. चार पावलं. जाऊन काढून घ्यायचे, खिडकीबाहेर फेकायचे. एवढं सोपं आहे —

पावणेचार. अजून इथेच आहे.

चारला दोन कमी. गॅसवर दूध होतं. उतू जायला लागलं, तेव्हा धावले. दुधासाठी धावले. तिच्यासाठी नाही —

चार. तिनं घातले. माझ्याकडे बघून हसली.

चार वीस. हसू कमी झालंय.

चार चाळीस. भिंतीकडे बघतेय.

पाच वाजले. काढून ठेवले, वायर नीट गुंडाळून. मी नावानं हाक मारली. तिनं खोलीभर पाहिलं, नवीन पेशंट बघतात तसं. मग बॅग भरली. मी दारात आडवी उभी राहिले, तोंडानं बोलत होते, ओरडत होते. घरमालकिणीला करावा तसा नमस्कार केला आणि बाजूनं गेली. आता मला वाटतंय. आता! छातीत काहीतरी —

जिन्यात आहे. मी खिडकीत. वही कठड्यावर.

फाटकाशी आली.

मला एकच काम येतं. आधी हळू आवाज, मग मोठा. तिनं टिक केलं तरी मला ऐकू येणार नाही. मान वळते का, एवढंच बघायचं.

ठकी. नाही.

ठकी. रस्त्यावरची दोन माणसं वर बघतायत. ती नाही.

गळा फाटेस्तोवर. पलीकडच्या घराची खिडकी उघडली. ती चाललीय, सरळ.

ऐकू आलं की मागं बघायचं गं. आत्ता.

आत्ता.

परत, आत्ता —