फ्लॅशचा पल्ला

३ डिसेंबर
अंबाबाईच्या कृपेने आजऱ्याहून कोल्हापुरात सुखरूप पोचले. घनसाळ तांदूळ आणि काजू घरचेच आणले. सुनेला, क्रांतीला, आई नाही; म्हणून बाळंतपण माझ्याकडे. नातीचं नाक थेट माझ्या लेकाचं, धैर्यशीलचं. सोयर असल्याने देवपूजा बंद, जप मनातच.

धैर्यशील लग्नाचे फोटो काढायला राधानगरीला निघाला. जाताना म्हणाला, "आई, पोरीचे फोटू आता तूच काढायचे. मॅट्रिक हायस की!" जुना डिजिटल कॅमेरा हातात दिला. फ्लॅशच्या पाठीवर पल्ल्याचा, फुटांचा आकडा दिसतो; तो कमीजास्त करता येतो. तितकाच उजेड पोचतो, पल्याड काळोख. फ्लॅश फोटो संपता संपता, शेवटी उडवला की हलणाऱ्या माणसाचा फराटा त्याच्या मागं उमटतो. कुठून आला ते कळतं. मोठी गंमत वाटली.

४ डिसेंबर
आज पाचवी. पाळण्याशेजारी सटवाई मांडली, तिला पोरीचं नशीब लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं. दिवेलागणीला फोटो काढला, पल्ला पंधरा फूट. शेजारच्या मीनाबाई ओरडल्या, "काय वो, पाचवीचा फोटू काढत्यात व्हय? लिवणारीला उजेड सोसत न्हाय!" आम्ही सासवासुना हसलो.

फोटोत खोलीबाहेरच्या बोळाच्या टोकाला, उजेड संपतो तिथं, एक बाई उभी. मीनाबाई आणि क्रांती तर माझ्या मागं होत्या.

५ डिसेंबर
पोर दूध ओढत नाही. दुपारी पडदे लावून पुन्हा फोटो काढला. सेल वाचावेत म्हणून पल्ला दहावर आणला. बाई दहा फुटांवर. उजेडाच्या काठालाच. म्हणजे माझ्या उजेडाने तिला अडवलं. नातीचं नशीब लिहायचं राहिलं, माझ्यापायी.

धैर्यशीलला फोन केला. म्हणाला, सेल उतरले असतील, तू जरा झोप काढ.

६ डिसेंबर
देवीच ती. तिला अडवणारी मी कोण? पल्ला कमी करत आणला. सहा. मग चार. फ्लॅश शेवटी उडवला. फराटा तिच्या मागं, बोळाकडं — येतेय. पदर डोक्यावरून, तोंड दिसत नाही. मनातल्या मनात ओटी भरली. पोर अजून पीत नाही.

७ डिसेंबर
पल्ला दोन. पाळण्यापाशी आली. आता लिहील. हात जोडले.

मग फोटो मोठा करून बघितला. हातात लेखणी नाही. दोन्ही हात पुढं — पोर उचलायला करतात तसे —

पल्ला पंधरावर नेला. फ्लॅश भरेना. लाल दिवा नुसता लुकलुकतोय. क्रांती आंघोळीला — हाक ऐकू जात नाही —

पोर छातीशी धरलंय. एका हाताने लिहितेय, धैर्यशीलला कळावं म्हणून. फ्लॅश एकदा उडाला. फोटोत पाळण्यापाशी कोणी नाही. फराटा पाळण्यापासून निघालाय — माझ्याकडं —

आकड्याला मी हात लावला नाही. तो आपोआप एकवर आलाय. धैर्यशील, पल्ला वाढव, पल्ला —