जिवंत माणसाचं नाव

दिमोना
३० नोव्हेंबर १९७३

ती. ताईस येरुशाचा शालोम.

तुम्ही सगळी ठाण्याला सुखरूप असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, जिने चढू नका आणि कुणाचं ऐकूही नका, नाहीतरी ऐकत नाहीतच. आम्ही इथे आहोत. ह्यांचा खोकला तसाच. थंडी सुरू झाली. इथल्या वाळवंटातली थंडी तुला सांगून खरी वाटायची नाही, गोधडीतून आत शिरते.

तुझं पत्र परवा मिळालं. वाचलं आणि टराटरा फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, कारण उत्तर द्यायचं होतं. लढाई संपली असं रेडिओवर ऐकलंस म्हणून तू लिहितेस, "आता काय काळजी, मिल्काला आणि बाळाला चार महिने ठाण्याला पाठव, हवापालट होईल." आणि वर, "त्या रुमानियाच्या विहिणीला एकदा तिची जागा दाखव." ताई, तू लांब बसून फार सोपं लिहितेस. रेडिओवर संपली ती लढाई वेगळी. आमच्या जिन्यातली अजून चालू आहे.

बाळ चांगलं आहे, हे आधी लिहिते, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. मुलगा. मिल्काच्या कपाळाचा, बापाच्या कानांचा. दूध पितो आणि ओरडतो, दोन्ही कामं चोख करतो.

आता बाकीचं. मागच्या पत्रात एवढंच लिहिलं होतं की जावई लिऑन किप्पूरच्या उपासाच्या दिवशी देवळातूनच गेला. उपास सोडायलाही थांबला नाही. आमच्या गल्लीतून त्या दुपारी एकूण एक धट्टाकट्टा पुरुष गेला. राहिले म्हातारे, पोरं आणि आम्ही बाया. दुसऱ्या दिवशी गिरणीतला साहेब (तो लंगडा, म्हणून राहिलेला) आम्हाला म्हणाला, "बायांनो, यंत्रं बंद. घरी जा, सैनिकांसाठी केक करा." केक! आठ वर्षं मी त्या मागावर उभी आहे, साहेबाच्या आधी मला कळतं धागा कुठे तुटला ते. पण पुरुष नाहीत म्हणजे गिरणी बंद. दात-ओठ खात घरी आले.

शेजारची फ्रेहा तुला ठाऊक आहे, मोरोक्कोची, सहा पोरांची आई, तोंड म्हणजे तोफ. पाववाला लढाईवर गेलेला, गल्लीत पाव नाही. फ्रेहाने त्याची गाडी काढली. परवाना नाही, काही नाही. अंधारात दिसू नये म्हणून पुढच्या दिव्यांना निळा रंग फासलेला, आणि ही बाई भोंगा वाजवत बेकरीपर्यंत गेली. पोलिसाने अडवलं तर त्याच्याच हातात दोन पाव दिले आणि म्हणाली, "तुरुंगात टाकायचं तर टाक, आधी हे सगळे वाटून ये." मग आमच्या इमारतीच्या तळघरात तिने चूल मांडली. कुणी डाळ आणली, कुणी भाज्या, मी माझं आलं-लसूण. जिच्या घरातला माणूस गेलाय तिच्या पोरांना तिथे गरम जेवण. गिझेलाने, हो तुझ्या त्या विहिणीने, शिवणाचं यंत्र उचलून तळघरात आणलं आणि साऱ्या गल्लीच्या खिडक्यांना काळे पडदे शिवले. मी तिच्याशी बोलत नव्हते. पडदे मात्र घेतले.

का बोलत नव्हते ते तुला माहीत आहे. लग्नाच्या वेळी तिने काय विचारलं होतं? "तुम्ही हिंदुस्थानातले, नक्की यहुदी ना? कागद आहेत?" दोन हजार वर्षं कोकणात शब्बाथ पाळला आम्ही, आणि ही बाई कागद मागते. माझ्या घरचं पाणीसुद्धा प्यायली नव्हती. ते मी विसरले नव्हते, आणि विसरणारही नव्हते.

मग कळलं की लिऑन बेपत्ता आहे. कालव्याकडच्या आघाडीवर होता. फौजेची माणसं आली, म्हणाली, मृत नाही, कैदी म्हणूनही नाव आलेलं नाही. बेपत्ता. पोटात मूल, आणि वर हा शब्द. मिल्काने खाणं सोडलं. तेव्हा गिझेला रोज आमच्याच मजल्यावरच्या पलीकडच्या घरातून सूप घेऊन यायची, काळोखात भिंतीला हात लावत चालत. पलंगावर बसून चमच्याने भरवायची आणि एकच धोशा: "तो जिवंत आहे. कैद्यांबरोबर येईल. गिळ." मी दारात उभी राहून बघायची. मनात म्हणायची, बाई कितीही खाष्ट असो, पोरीला अन्न जातंय.

बाळ झालं. आठव्या दिवशी सुंता, पण पोर पिवळं पडलं, कावीळ. सुंता करणारा मोहेल म्हणाला, कावीळ उतरेपर्यंत हात लावणार नाही. त्या दिवसांत कैदी परत यायला लागले. विमान आलं की सगळी गल्ली रेडिओला चिकटायची. गिझेला रोज सकाळी बाळाला खिडकीपाशी नेऊन बघायची आणि म्हणायची, "अजून पिवळा आहे. थांबू." मला वाटलं, मुलाची वाट बघतेय. बापाने यावं आणि मग सुंता व्हावी. सगळ्यांना तसंच वाटलं.

आणि मग फ्रेहाने तो घोळ केला. वाईट मनाने नाही ग. सुंतेच्या उशीसाठी तिने पांढरा अभ्रा केला आणि त्यावर निळ्या रेशमाने भरलं, "लिऑन". तिच्या लोकांत जिवंत माणसाचं नाव बाळाला देतात. आजोबा समोर बसून पाय हलवत असतात आणि नातवाला त्यांच्याच नावाने हाका मारतात. त्यात मान आहे, आयुष्य वाढतं म्हणे. बापाचं नाव दिलं तर बाप ओढीने परत येईल, असं तिला वाटलं. आनंदाने अभ्रा फडकावत तळघरात आली, "बघा ग, छोटा लिऑन!"

गिझेला यंत्रावर बसली होती. तिच्या लोकांत जिवंत माणसाचं नाव कधीच देत नाहीत. नाव द्यायचं ते मेलेल्याचं. जिवंताचं दिलं तर त्याचं आयुष्य तोडलं. ती उठली, कात्री घेतली आणि फ्रेहाच्या हातातला अभ्रा मधोमध कापला. पांढरी फटक पडली होती. "माझा मुलगा जिवंत आहे. जिवंत माणसाचं नाव देत नाहीत. पुन्हा हे नाव त्या पोराला लावलंस तर बघ."

फ्रेहाने आधी तुकड्यांकडे बघितलं. मग तिची तोफ सुटली. "कोरडी लाकडं तुम्ही, मायेने दिलेलं तुम्हाला घेता येत नाही. आम्हाला गुहेतून आलेली समजता." मीही मागे राहिले नाही. सगळं काढलं, कागद, पाणी, सगळं. गिझेलाने फक्त यंत्राचं झाकण लावलं.

त्या दिवशी तळघरातली चूल विझली. मोरोक्कोच्या बाया फ्रेहाबरोबर गेल्या, रुमानियाच्या गिझेलाबरोबर, आणि आपल्यातल्या दोघी-तिघी तोंड वाकडं करून घरी बसल्या. दोन दिवस पोरं कोरडा पाव खाऊन राहिली. बाँब पडला नाही आमच्या तळघरावर, आम्हीच पाडला. मला इतका संताप आला होता की कुणाकुणावर ते मला सांगता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी मी फ्रेहाच्या दारावर लाथ मारली आणि म्हणाले, "तुझी सहा पोरं रडतायत आणि माझी एक. चल." ती आली. शिव्या देत आली, पण आली.

शेवटचं विमान येऊन गेलं. लिऑन त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी मोहेलने पोराला उघडं करून बघितलं आणि म्हणाला, "पोर टवटवीत आहे, आता एक दिवसही थांबायचं नाही." नाव ठरलं, दावीद. मिल्काने ठरवलं. कुणाचंच नाही आणि सगळ्यांचं, असं.

तळघरातच केलं. टेबलं लावली, फ्रेहाने बदामाची मिठाई केली, मी नारळाची. सुंतेला एलियाहू हन्नाबीसाठी राखतात त्या खुर्चीवर माझी लग्नातली साडी घातली. आजी म्हणून बाळ घेऊन जायचा मान गिझेलाला. ती त्याला पुरुषांकडे घेऊन गेली. सुंता झाली, पोराने तळघर डोक्यावर घेतलं, तसं ते परत गिझेलाच्या हातात दिलं. मोहेलने द्राक्षरसाचा पेला उचलला आणि विचारलं, "इस्राएलात ह्याचं नाव काय?" सांगायचं ह्यांनी होतं. हे घसा खाकरत होते, खोकल्याने अडले.

तेवढ्यात गिझेला म्हणाली, "लिऑन."

मोहेलने तिच्याकडे बघितलं. तोही रुमानियाचा. त्याने परत विचारलं. तिने परत सांगितलं, "लिऑन. लिऑनचा मुलगा."

ताई, सगळ्यात आधी कळलं ते मिल्काला. इतके दिवस तोच धोशा ऐकत होती ना. ती खुर्चीवरून उठली, सगळ्या बायकांना बाजूला सारत गेली, आणि दोन्ही मुठींनी गिझेलाच्या छातीवर मारायला लागली. गिझेला हलली नाही. बाळ माझ्या हातात दिलं आणि मार खात उभी राहिली. कुणी सोडवलं नाही. मीही नाही.

मिल्का थकल्यावर म्हणाली, "कधीपासून?"

लिऑनच्या रणगाड्यावरचा एक पोरगा, दोन्ही हात भाजलेले, सुक्कोथच्या सणानंतर गिझेलाच्या शिवणाच्या दुकानात आला होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. गिझेलाने त्याच्याकडून शपथ घेतली की मिल्का हातीपायी सुटून बाळ सावरेपर्यंत कुणापाशी बोलायचं नाही. "का, विचारू नको," मिल्काला म्हणाली, आणि मग स्वतःच सांगितलं. लिऑनच्या आधी तिचा एक संसार होता, तिकडे रुमानियात, त्या मोठ्या लढाईत. पोटुशी होती. कुणीतरी येऊन सांगितलं की नवरा गेला. दुसऱ्या दिवशी मूलही गेलं. "बातमीने मेलं. मी ह्याला बातमीने मरू दिलं नसतं. आजही गप्पच बसणार होते. पण दुसरं नाव लागलं असतं तर लिऑनचं कोण लावणार? माझ्यामागे कोण आहे?"

म्हणजे सारा कार्तिक ही बाई मेलेल्या मुलाला जिवंत म्हणत माझ्या पोरीला सूप भरवत होती. कापला तो अभ्राही त्यासाठीच, आणि रोज सकाळचं ते "थांबू"ही. आणि मी तिला पाण्याचा हिशेब ऐकवला.

फ्रेहाने मिठाया टेबलावरून उचलल्या. दुखवट्याच्या घरी पहिला घास दुसऱ्याच्या घरचा लागतो, म्हणून आम्ही जिने चढून आपापल्या घरी गेलो आणि जे होतं ते आणलं. कुणी मसूर, कुणी अंडं, कुणी नुसता पाव. खुर्च्या हलवल्या, जमिनीवर चटया घातल्या.

तेवढ्यात देवळाच्या कचेरीतला एक माणूस, पाहुणा म्हणून आलेला, पुढे झाला. म्हणे, "थांबा. फौजेचा कागद आला नाही. देह नाही. साक्ष नोंदलेली नाही. तोवर ही विधवा नाही, त्याची बायकोच आहे. दुखवट्याचे सात दिवस बसता येणार नाही." ताई, परत कागद. माझ्या पोरीला नवरा नाही, आणि कागदावर आहे. तिला रडायची परवानगी नाही, पुढेमागे संसार मांडायचीही नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण तोंड उघडायच्या आधीच गिझेला जमिनीवर बसली. तिने दुखवट्याच्या रीतीने आपल्या पोलक्याचा गळा धरून टरकन फाडला. शिंपीण ती, उभ्या आयुष्यात कापड वाकडं फाडलं नसेल.

फ्रेहा त्या माणसाला म्हणाली, "दादा, तू कायद्याप्रमाणे घरी जा. आम्ही बसतोय." आणि बसली. मग मोरोक्कोच्या, मग रुमानियाच्या, मग आपल्या. त्या भाजलेल्या पोराला नंतर फ्रेहाने कचेरीत नेलं, साक्ष नोंदवून घेतली. कागद येईल तेव्हा येईल. आमचे सात दिवस काल संपले.

म्हणून मिल्का ठाण्याला येणार नाही. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती गिझेलाकडे राहायला गेली आहे. मी रागावले, खोटं कशाला बोलू, पोटची पोर माझं घर सोडून तिच्याकडे. म्हणाली, "आई, तुझ्याकडे पप्पा आहेत." मीच आता सकाळी उठून जाते, बाळाला अंघोळ घालते, गिझेला पाणी ओतते. काल गिझेलाने माझ्या हातचा चहा मागितला. दोन चमचे साखर घातली, म्हणाली, गोड आहे. म्हटलं, गप पी.

तर आता तुला सांगते ते नीट ऐक. माझ्या जुन्या पत्रांत तिच्याविरुद्ध जे जे लिहिलं आहे ते भाऊजींच्या तोंडून, सुनांच्या तोंडून, कुणाच्याही तोंडून पुन्हा माझ्या कानावर येता कामा नये. "विहिणीला जागा दाखव" म्हणालीस ना? दाखवली. माझ्या शेजारी, चटईवर.

मला समजुतीचं पत्र पाठवू नकोस. "देवाची मर्जी" तर मुळीच लिहू नकोस, मी त्या मर्जीवर फार चिडले आहे. लिहायचंच असलं तर गिझेलाला लिही. मराठीत लिही, मी तिला सांगेन. आणि त्यात तिच्या मुलाचं नाव लिही. सगळे तिच्यासमोर ते घ्यायला घाबरतात.

बाळ उठलं वाटतं, भिंतीपलीकडून ऐकू येतंय. गिझेला हाक मारतेय त्याला. नावाने.

तुझी धाकटी,
येरुशा
लिऑनची दुसरी आजी