यादीतलं बारावं नाव

प्रिय दिपा,

तू मेलीस असं मी छापून आणलंय. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर चार पानं नुसती हवापाण्याने भरीन आणि मूळ गोष्ट राहून जाईल; माझी खोड तुला माहीत आहे. रंगीत स्मरणिका, गुळगुळीत कागद, पान एकोणतीस, ‘आम्हाला सोडून गेलेले’ या मथळ्याखाली बारावं नाव तुझं. फोटो फर्स्ट इयरच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. खालचा मजकूर माझा. आणि ते पुस्तक आता शिंदखेड्याला तुझ्या आईच्या, सुंदरमावशीच्या उशाशी आहे. रविवारी, अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या अखाजीला, ती तुझ्या नावाची घागर भरणार आहे. आज मंगळवार. स्पीड पोस्टाने टाकतेय, तुझ्या व्याऱ्याला शुक्रवारपर्यंत नक्की पोचेल असं पोस्टातली बाई म्हणाली. रागाने फाडू नकोस. आधी वाच, मग हव्या तेवढ्या शिव्या घाल.

झालं असं. आपल्या अठ्ठ्याण्णवच्या बॅचचा स्नेहमेळावा अमळनेरला कॉलेजातच घ्यायचा ठरला. पुढारी अर्थात हिलाल. झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला बेडूक बघून आडवा झाला होता ना, तोच. आता बियाण्यांचं दुकान आहे, पोट सुटलंय आणि कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याने ग्रुपवर फर्मान काढलं की जे गेले त्यांची आठवण आधी, वरण-बट्टी नंतर. मी धुळ्याच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून लिहायचं काम माझ्या गळ्यात. अकरा नावं जमली. मग कोणीतरी टाकलं, दिपमाला पण गेली ना? आणि अगं, दहा मिनिटांत बेचाळीस जणांनी हात जोडले! भावपूर्ण श्रद्धांजली, ओम शांती, वर फुलं. कधी, कशाने, एकानेही विचारलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक की तू सासरहून निघून गेलीस आणि दोन महिन्यांनी तुझ्या वडिलांनी, रुपचंदनानांनी, तापीवर जाऊन तुझ्या नावाने आंघोळ केली. जित्या पोरीच्या नावाने, रागाने केलेली आंघोळ ती. चोवीस वर्षांत लोकांनी तिची मयत करून टाकली.

बाकीच्या अकरांसाठी मी खरंच फिरले गं. दीड महिना दर रविवारी एसटीने, कधी पॅसेंजरने. धुळ्याला अतिकच्या घरी गेले. तुला प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवायला देणारा अतिक. कूलर-मोटारी रिवाइंड करायचा, कोरोनात लोकांच्या घरी सिलिंडर पोचवत फिरला आणि त्यातच गेला. मी लिहिलं होतं, शांत स्वभावाचा. त्याच्या बायकोने, मिसबाहने, ते वाचलं आणि हसत हसत रडायलाच लागली. शांत कुठला, क्रिकेटच्या मॅचला तो असा ओरडायचा की शेजारी भिंत वाजवायचे! वरणगावला भूषणच्या आईने तर मला झापलंच. फॅक्टरीत नोकरीला होता, मनमिळाऊ होता, हे काय लिहिणं झालं? त्याला वांग्याची भाजी आवडायची नाही आणि मी कायम तीच केली, हे लिही म्हणाली. मी लिहिलं. मेलेल्या माणसांवर लिहिताना आपण त्यांना इस्त्री करून टाकतो, हे मला त्या बायांनी शिकवलं. एकटी तूच अशी होतीस की तुझ्याबद्दल मला कोणाच्या दारात जावं लागलं नाही. तुझा मजकूर मी एका बैठकीत लिहिला आणि खरं सांगते, सगळ्यांत चांगला तोच उतरला. वाचून बाया रडल्या. तेव्हा मला बरं वाटलं, ह्याची आता किळस येते.

तू विचारशील, तू गप्प का बसलीस, भवाने? ग्रुपवर मी ‘अरे थांबा’ असं टाइप केलं होतं. पुसलं. पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुला कसं माहीत? योगेंद्र माझा सख्खा मामेभाऊ. त्याचं स्थळ तुझ्यासाठी मीच आणलं होतं, मोठ्या तोऱ्यात, मैत्रीण भावजय होणार म्हणून नाचत. आणि मग तिसऱ्यांदा नानांनी तुला तुझ्या हातावरच्या प्लास्टरसकट त्याच्याकडे परत नेऊन सोडलं, तेव्हा तुला अमळनेरच्या स्टेशनवर सुरतच्या गाडीत बसवणारीही मीच. तू माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतलास. कोणाला सांगायचं नाही, मायलाही नाही, मायच्या पोटात राहणार नाही आणि नाना येऊन घेऊन जातील. मी शब्द दिला. पाळलाही. पण नाना जाऊन सहा वर्षं झाली, योगेंद्रने दुसरं लग्न करून त्याचा मुलगा इंजिनिअर झाला, मग मी कोणापासून लपवत होते? बाई, ती शपथ आता तुझ्यासाठी नव्हती, माझ्या सोयीची होती. हे कळलं असतं तर मामाचं दार मला बंद झालं असतं, माझी म्हातारी आई त्या दारातच राहते. व्याऱ्याहून तुझी पत्रं शाळेच्या पत्त्यावर येत राहिली, पण तुझा फोन नंबरसुद्धा मी कधी मागितला नाही, कोणी माझा मोबाइल बघेल म्हणून. एवढी मी शूर.

तरी मी मनाशी म्हणत होते, छापलं तर छापलं, शिंदखेड्यापर्यंत कोण नेतंय. पण हिलालला कुठे दम! गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार करायचा म्हणून तो मेळाव्याच्या दिवशी सकाळीच गाडी घेऊन गेला आणि मावशीला घेऊन आला, मला न सांगता. मी माइकपाशी उभी, हातात यादी, आणि समोर पहिल्या रांगेत सुंदरमावशी. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पाय खुर्चीवरून अर्धवट लोंबकळत. अकरा नावं वाचली. अतिकच्या नावाला लोक हसले, भूषणच्या नावाला रडले. बाराव्यापाशी मी यादी खाली घेतली. हिलालला वाटलं मला भरून आलं, त्याने पाणी आणून दिलं. मी घोट घोट पीत होते आणि विचार करत होते, यादी संपली म्हण, रूपाली, संपली म्हण आणि खाली बस. पण पुस्तक सगळ्यांच्या हातात होतं, पान उघडलेलं होतं. मी वाचलं. तुझं नाव, तुझं गाव, तुझं हसणं, सगळं वाचलं.

मावशी वर आली. शाल घेतली, नारळ घेतला आणि माझं मनगट धरलं. हाई बठ्ठं खरं शे का वं, हे सगळं खरं का, एवढंच विचारलं. दिपा, मी हो म्हणून मान हलवली. तुला माहीत नाही, पण नानांनी तुला मेली म्हटलं तरी ह्या बाईने ते कधी मानलं नव्हतं. अखाजीला गल्लीतल्या माहेरवाशिणी झोक्यावर बसतात आणि घरात गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. ती दरवर्षी तुझ्यासाठी निंबाला झोका बांधायची, तुझ्या नावाची घागर मात्र तिने एकदाही भरली नाही. नाना ताटावरून उठून जायचे, भाऊबंद टोमणे मारायचे, तरी नाही. आता भरणार. का, तर कॉलेजने छापलंय. तिला वाचता येत नाही, म्हणून तर नानांशी भांडून तिने तुला कॉलेजात घातलं, आणि कॉलेज काही खोटं लिहिणार नाही. हिलाल सांगत होता, परतताना तिने कुंभाराच्या दारात गाडी थांबवून घागर सांगितली.

चार दिवसांनी योगेंद्र माझ्याकडे आला. एक प्रत मागितली. पान उघडून उभ्यानेच वाचलं, डोळे पुसले आणि म्हणाला, सुटली बिचारी. मी त्याला चहा केला, दिपा. साखर जास्त घातली, तशीच त्याला आवडते म्हणून. तो गेल्यावर कप धुताना माझ्या हातातून निसटून फुटला आणि मी मोरीतच बसून रडले. तरीही पत्र लिहायला बसले नाही. आणखी आठ दिवस घालवले.

काल संध्याकाळी मावशीचा फोन आला. रविवारी तू ये, मैत्रिणीचा हात घागरीला लागला पाहिजे, म्हणाली. मला वाटलं रडेल, पण आवाज अगदी कोरडा होता. तिने विचारलं, शेवटी माझ्या पोरीच्या तोंडात कोणी पाणी घातलं होतं का? तेवढं तिला घागरीच्या आधी हवं होतं, पोर तहानलेली गेली की नाही. मी म्हटलं, हो, घातलं. कोणी, म्हणाली. मी म्हटलं, मी. इतकी वर्षं का लपवलंस, हे तिने विचारलंच नाही. तुझी लेकरंबाळं सुखी राहोत, असा तोंड भरून आशीर्वाद दिला मला. रात्रभर मला पाण्याचा घोट गिळवला नाही. आता ऐक. तिचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवलाय. शनिवारी संध्याकाळपर्यंत तू तिला फोन कर. काय बोलू म्हणून विचार करत बसू नकोस, नुसती ‘माय’ म्हण, ती आवाज ओळखेल. तू नाही केलास तर रविवारी पहाटे मी तिच्या दारात जाऊन सगळं सांगणार आहे, तुझी शपथ मोडून, मामाच्या घरावर पाणी सोडून. ती मला चपलेने मारील. मारू दे.

तुझ्या शिव्यांची वाट बघणारी,
तुझीच
रूपाली