घोंगड्यांच्या ढिगातला झेब्रा

गुरुजी, परवा मी झेब्रा शिकवला. हसू नका. तुमच्यापाशी एवढी वर्षं व्याकरण घोकून शेवटी नौबादच्या शाळेत दुसरीचा वर्ग वाट्याला आला, तोही तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून. भिंतीवरचं चित्र इतकं विटलंय की झेब्र्याच्या पट्ट्यांपेक्षा भिंतीचे पोपडे ठळक दिसतात. पोरांनी एकमतानं त्याला गाढव ठरवलं. ओझं वाहतंय का, एकानं विचारलं. म्हटलं, न्हाई बाबा, हा गाडीला जुंपून घेत न्हाई, अंगावर आला तर सिंहालाही लाथ घालतो. मग जरा मान वाढला त्याचा.

आणि मला आळंदचं आपलं वसतिगृह आठवलं. विज्ञानाला मास्तर नव्हता म्हणून झेब्रा तुमच्या गळ्यात पडला. तुमच्या एकाही कोशात न सापडणाऱ्या प्राण्यावर तुमचा मुळात राग; तरी तुम्ही आम्हा सगळ्यांच्या घोंगड्या वर्गात आणवल्या. सगळ्या काळ्या, सगळ्यांना पांढरे पट्टे. तुम्ही स्वतः ढीग कालवता आणि म्हणता, आपापली काढा. आम्ही काढतो; एकजणही चुकत नाही. झेब्र्याचंही असंच, तुम्ही सावकाश सांगता. दोघांचे पट्टे कधी सारखे नसतात. पिल्लू जन्मल्यावर थोड्याच वेळात उभं राहून धावू लागतं, आणि त्याला आपले पट्टे पाठ होईपर्यंत आई दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देत नाही. "पाठांतर जनावरालाही चुकलं न्हाई," हे अर्थात माझ्याकडं बघून.

माझी घोंगडी आईनं कातलेल्या लोकरीची होती, आणि आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. मी विचारलं, "माय परत दिसलीच न्हाई तर पिल्लू पट्टे इसरतंय का, गुरुजी?" प्रमाणावाचून आज सोमवार आहे एवढंही न मानणारे तुम्ही. माझ्या एका "असं म्हणतात"साठी तुम्ही मला तासभर उभं केलं होतं. तुम्ही माझी घोंगडी घडी घालून माझ्या हातात दिलीत. "न्हाई इसरत," एवढंच म्हणालात. त्या दोन शब्दांवर मी मोठा झालो.

परवा घोंगड्या कुठून आणायच्या? चपलांचा ढीग केला. बाजारातल्या एकसारख्या निळ्या चपला, तरी ज्याच्या त्याला बरोबर सापडल्या. सगळे जागेवर गेले. एक मुलगी चपला घालून तिथंच उभी. आई-बाप पुण्याला बांधकामावर, ही इथं आजीपाशी. दिवाळीला येतो म्हणालेली माणसं अजून आलेली नाहीत.

"माय लई दिवस आली न्हाई तर ते पिल्लू इसरतंय का ओ, सर?"

मी प्रमाण शोधायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "न्हाई इसरत." ती मान हलवून जागेवर गेली.

तेव्हा कळलं, गुरुजी, की तुम्हालाही ठाऊक नव्हतं.

हा कागद मी त्याच घोंगडीच्या घडीत ठेवणार आहे. तुम्ही गेलात तिथला पत्ता पोस्टाला तसाही लागायचा नाही. खिशात मोबाईल आहे. त्याला विचारलं तर पिल्लाचं खरं काय ते लगेच सांगेल, आणि तुमचा शिष्य म्हणून मी विचारायला हवं. अजून विचारलेलं नाही.