दार आतून उघडत नाही

प्रिय सुहासिनी,

पिकअपच्या दाराची तार शेवटी बदलून घेतली. तार शंभर-सव्वाशेची. पण ती सहा वर्षं बदलली नाही त्याची खरी किंमत काढायला बसलो तर अशी भरते: एक आख्खी दुपार, भावजींनी दिलेला तो निळा शर्ट, बाळ मेकॅनिकचं तोंड बंद राहावं म्हणून त्याला खाऊ घातलेली मिसळ, आणि सोसायटीच्या सभेत छाती काढून बोललेली चार वाक्यं, जी आता परत गिळता येत नाहीत. एवढी महागडी तार उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुसऱ्या कुणी घातली नसेल.

पत्र बघून तू आधी घाबरशील. घाबरू नकोस, तब्येत बरी आहे, गोळ्या घेतो, शेजारच्या मोतीबाई दिवसाआड भाजी आणून देतात आणि मी डबा रिकामा परत देत नाही. फोन केला असता, पण तुझ्या बहिणीचा, उमाचा फोन कायम स्पीकरवर. रोह्याच्या त्या ओटीवर बसलेली सगळी मंडळी ऐकणार, आणि आपण दोघं 'जेवलात का', 'जेवले' करून फोन ठेवणार. गेल्या दोन वर्षांत आपण समोरासमोर तरी याहून जास्त काय बोललो म्हणा. तेव्हा लिहितोच. अक्षर वाचता आलं नाही तर अंदाजाने वाच, पण उमाला वाचायला देऊ नकोस.

जाताना लिफ्टपाशी तू म्हणालीस, 'मी येईपर्यंत त्या गाडीचं काय ते ठरवा.' सेक्रेटरीने तर तारीखच दिली आहे. महिनाअखेरीनंतर पिवळ्या पाटीची गाडी पार्किंगमध्ये दिसता कामा नये. नाहीतर गेटवर कुलूप घालणार म्हणे. त्या सभेत मी उभा राहिलो ते तू ऐकलं असशीलच. 'या गाडीचा मालक मी आहे. मला विचारल्याशिवाय तिचं चाक इकडचं तिकडे होणार नाही. आणि तुमच्या गाड्यांसारखी ती वर्कशॉपमध्ये झोपायला जात नाही, तिचा एक नट हलत नाही.' मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या गाड्या तेव्हा वर्कशॉपमध्येच होत्या.

गिऱ्हाईकही आलं होतं. अंबरनाथचा संतोष, पाण्याचे जार पोचवतो. हौद्यात चढला, फाळका खाली-वर करून बघितला, बॉनेट उघडून आत वाकला. मग म्हणाला, 'आण्णा, हिच्यात तर काहीच नाही. इंजिन, बॅटरी आणि जमीन दिसते.' म्हटलं, तेच तर. त्याच्याकडे नवी गाडी आहे. लाल दिवा लागला की मध्येच हळू होते, कारण विचारायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, तोवर जार उन्हात. आपल्या हिचं जे बिघडतं ते दिसतं, जे दिसतं ते हाताला लागतं, आणि हाताला लागलं की दोन पान्यांत सुटतं. फर्निचर बाजारातल्या ज्या गल्लीत माणूस आडवा होऊन जातो तिथून मी हिच्यात सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल बाहेर काढलं आहे. आमचा सिंधी शेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडायचा, 'मधू साईं, आरसा दुमडून घे, भिंत माझ्या सासऱ्याची आहे.' मोठ्या टेम्पोवाल्यांना तो माल नाक्यावर उतरवून हातगाडीवर घालावा लागायचा. मी थेट दारात.

पण खरं कारण ते नव्हे. तू म्हणतेस ना, त्या डबड्यात एवढं काय आहे. सांगतो. जुन्या गाडीच्या खोडी असतात आणि त्या मालकालाच ठाऊक असतात. हिचा दुसरा गिअर टाकण्याआधी क्षणभर थांबावं लागतं, घाई केली की रुसते. डावीकडे पूर्ण वळवली की हॉर्न आपोआप एकदा वाजतो. मागच्या उजव्या चाकातून कुरकुर आली तर पाऊस येणार नाही, चिरचिर आली तर ग्रीस मागते आहे. हे सगळं मी कानाने ओळखतो. आणि दार आतून उघडत नाही, काच खाली करायची, हात बाहेर घालायचा आणि बाहेरच्या कडीने उघडायचं. चोराच्या हाती गेली तर तो आतच अडकेल, असं मी सगळ्यांना सांगायचो. मला वाटतं, गाडीवर जीव बसतो तो तिच्या चांगल्या गुणांमुळे नाही. तिच्या खोडी आपल्याशिवाय कुणाला चालवून घेता येत नाहीत, म्हणून बसतो. जगात एक तरी वस्तू अशी असते जिला आपणच लागतो.

तर, चोर. तू रोह्याला निघालीस त्याच्या आदल्या दुपारी मी तुला सांगितलं की शेठला भेटायला लोकलने उल्हासनगरला जातो. गेलो नाही. खाली जाऊन गाडीत बसलो. मी बरेचदा तसाच बसतो, सुहास. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. खाली झाडलोट चालू होती, धूळ नको म्हणून काच वर घेतली, सीटच्या खड्ड्यात नीट बसलो, डोळा लागला. उठलो आणि सवयीने काचेचं हँडल फिरवलं तर ते नुसतंच गरगर फिरायला लागलं. काच जागची हलेना. डाव्या बाजूला खांब. तिथे मी गाडी इतकी चिकटवून लावतो की दारात बोट जात नाही, तेही सभेत कौतुकाने सांगितलं होतं. मागच्या काचेला जाळी, तीही मीच वेल्डिंग करून घेतलेली, सामान आत येऊ नये म्हणून. इतक्या वर्षांत मी एक उत्तम पिंजरा तयार केला होता, आणि त्यात मीच बसलो होतो.

हॉर्न होता. एकदा दाबला असता तर वॉचमन धावत आला असता. पण वॉचमनच्या मागे सेक्रेटरी आला असता, आणि सेक्रेटरीच्या मागे आख्खी कमिटी. एक नट हलत नाही म्हणणारा माणूस आत बसून काचेवर टकटक करतोय, हे दृश्य मी त्यांना दाखवणार नव्हतो. निळ्या शर्टातून घाम पाझरत होता. काचेचं रबर काढायच्या खटपटीत बाही दाराच्या पत्र्यात अडकून फाटली. फोन लावून बाळला हळू आवाजात सांगितलं, ये, आणि गेटवर सांग बॅटरी बघायला आलोय. तो मोरिवलीहून रिक्षाने येईपर्यंत नुसतं बसायचं.

आणि बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली, ती सांगायला लाज वाटते. मला त्या अडकण्याची भीती वाटली नाही. ओळखीची वाटली. वरच्या घरात रोज तेच तर चालू आहे. अकराव्या मजल्यावर खिडकीबाहेर फक्त समोरच्या टॉवरची पाण्याची टाकी. खाली जायचं तर कार्ड, वर यायचं तर कार्ड. बाळ घरी आला तरी फोनवर बटण दाबल्याशिवाय त्याला सोडत नाहीत आणि ते बटण मला सापडत नाही. बाथरूममधला दिवा हात हलवल्याशिवाय पेटून राहत नाही, म्हणून मी आत बसून कुणाला तरी टाटा केल्यासारखा हात हलवत असतो. पण तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. आख्ख्या मोरिवलीला पेढे वाटून, गाडीला झेंडूच्या माळा बांधून आपण इथे आलो. हमालीपासून सुरुवात केलेला माणूस स्वतःच्या पैशाने टॉवरमध्ये गेला, हे मी इतक्या ठिकाणी सांगितलं आहे की आता परत जायला रस्ता उरलेला नाही. शिवाय तू. पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघरातले खण उघडून दाखवतेस, आवाज न करता बंद होतात ते. मला वाटायचं, ही सुखात आहे. हिच्यासाठी राहायचं.

बाळच्या आधी तुम्ही दोघी आलात. तू आणि मोतीबाई, भाजीच्या पिशव्या घेऊन, गाडीच्या बाजूच्या कट्ट्यावर टेकलात. मी सीटवरून घसरून खाली झालो, स्टिअरिंगच्या आडोशाला. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी स्वतःच्या बायकोपासून लपलो. काच बंद होती, पण वरच्या कोपऱ्यात रबर मी नुकतंच उपटलं होतं, आणि माझे कान तुला ठाऊक आहेत.

मोतीबाई म्हणाल्या, 'विकून टाका ना एकदाची. तुमचं रोज भांडण ऐकू येतं आम्हाला भिंतीतून.' तू हसलीस. म्हणालीस, 'अहो, भांडते ते मुद्दाम. मी गाडीला नावं ठेवली नाहीत तर हे गाडीची बाजू घेणार कशी? दिवसभरात तेवढंच मोठ्यांदा बोलतात. नाहीतर वर नुसते भिंतीकडे बघत बसलेले असतात.' मग थोडा वेळ पिशवीतली भाजी खुडल्याचा आवाज. मग तू म्हणालीस, 'खरं सांगू का, मलाच वर घुसमटतं. दार लावलं की बाहेरचं काही कळत नाही, भांडण सोडलं तर आतलं कुणाला कळत नाही. मोरिवलीला फोडणी टाकली की काशी पलीकडून विचारायची, आज काय वांगं का. इथे मी पडले तरी वास सुटेपर्यंत कुणी येणार नाही.' मोतीबाई म्हणाल्या, 'गं बाई, मग सांगा ना त्यांना.' आणि तू म्हणालीस, 'कशी सांगू? आयुष्यभर ओझी वाहून घेतलंय घर. त्या घराला नाव ठेवलं तर माणूस मोडेल. त्यांना इथे बरं वाटतंय तर राहू दे.'

मला इथे बरं वाटतंय! काच फोडून बाहेर यावं असं वाटलं. आलो नाही. तुम्ही दोघी वर गेलात, मग बाळ आला, बाहेरून दार उघडलं आणि म्हणाला, 'आण्णा, बरणीतलं लोणचं झालंय तुमचं.' संध्याकाळी तू विचारलंस, शेठ काय म्हणाला, मी म्हटलं, बरा आहे. तू विचारलंस, शर्ट कशाने फाटला, मी म्हटलं, खिळ्याने. तू गाडीला दोन शिव्या घातल्यास. त्या रात्री मी गाडीची बाजू घेतली नाही, म्हणून तू माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितलास. सकाळी तू रोह्याला गेलीस आणि मी इतके दिवस हेच धरून बसलो आहे की चाकाची चिरचिर आणि कुरकुर वेगळी ओळखणाऱ्या माणसाला एकाच पलंगावरचं हे कसं ऐकू आलं नाही.

संतोषला नाही म्हणून सांगितलं. काल मोरिवलीला जाऊन आलो, गाडी घेऊन. आपल्या खोल्यांतले भाडेकरू दसऱ्याला सोडून जातायत, त्यांना कंपनीने पुण्याला पाठवलं. मोरीची फरशी उचकटली आहे, मागच्या भिंतीला ओल आहे, कारखान्यांचा वास पहिल्यासारखाच येतो. काशी दारातूनच ओरडली, 'काय हो, टॉवरवाले, वाट चुकलात?' मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं. तुला विचारल्याशिवाय पुढचं बोललो नाही. आपले चिरंजीव उन्मेष हैदराबादहून ओरडतील, लोक हसतील, सेक्रेटरी तर मिठाई वाटेल. वाटू दे, एक पेढा मीही खाईन. पण मी तुझं चोरून ऐकलं आहे, आणि चोरून ऐकलेल्यावर घर हलवणं बरं नव्हे, तू माझ्या तोंडावर सांग. तुला यायचं असेल तर रविवारी ये, स्टेशनवर मी गाडी घेऊन उभा असेन, आणि आपण टॉवरवर न जाता आधी मोरिवलीला जाऊ, तू भिंत बघ, मोरी बघ, मग हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर गाडीला दुसरीकडे जागा शोधीन आणि पुन्हा बटणं शिकीन. हो म्हणालीस तर येताना तुझं आधारकार्ड आठवणीने आण. गाडीचा पत्ता मोरिवलीचा करून घ्यायचा तर अर्जावर मालकाची सही लागते, आणि मी सभेत काहीही बोललो असलो तरी पहिल्या दिवसापासून गाडी तुझ्या नावावर आहे.

तुझाच,
मधू