रॉड चालू असताना पाण्यात बोट

कुंदा,

पाणी तापवायच्या रॉडचा प्लग सोडवून मी कंपनीत घेऊन चाललोय. रागावू नकोस. काल "कुठं काय झालंय?" म्हणालीस, पण मुक्ताला डाव्या हातानं भरवत होतीस. चुलीवरचं पाणी तापलं का ते बोट बुडवून बघायची तुझी माहेरची सवय. विजेवर ती चालत नाही, शॉक बसतो. आधी बटण बंद, मग हात.

लपवलंस का, तेही कळलं. किसनदादानं उल्हासनगरहून हौसेनं आणलेली वस्तू, त्याला वाईट वाटेल म्हणून. आज तो आला की मला दारातच विचारेल, "काय दाजी, रॉड मस्त चालतोय ना?" मी "एक नंबर" म्हणेन. पण तुझ्या हाताचं विचारलं तर खरं सांग. भाऊ आहे तो तुझा, दुकानदार नाही.

आंघोळीचं पाणी स्टोव्हवर तापवून बादलीत झाकून ठेवलंय. बादली उचलू नकोस, तांब्यानं घे.

दुपारी अर्धी रजा टाकून येतो, डॉक्टरांकडे जाऊ. शेजारच्या वहिनींनी विचारलं तर म्हण, माझा भाऊ आलाय म्हणून लवकर आलेत. नाहीतर बायकोच्या बोटासाठी रजा टाकली म्हणून शिरगावभर माझी चेष्टा होईल.

भगवान